मणके मोजतं कोण? कोंबडीच्या अंड्यापासून पेशींच्या घड्याळापर्यंत

आजचा विषय पाठीच्या कण्याचा आहे, पण इतिहासाच्या अंगाने. गर्भात मणके ओळीने आणि ठरलेल्या संख्येत कसे तयार होतात, हे कळायला माणसाला तीनशेहून जास्त वर्षं लागली. रायगडच्या किनाऱ्यावर ही गोष्ट सांगणं सोपं जातं, कारण निम्मं साहित्य आपल्या ताटातच असतं.

शिजलेला बांगडा बघा. त्याचं मांस पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतं. हे पापुद्रे म्हणजे स्नायूंचे खंड, एकामागे एक रचलेले. वाकटीच्या कण्यात शंभराहून जास्त मणके असतात. आपल्याकडे सुरुवातीला साधारण तेहतीस, पुढे त्यातले काही जुळून एक होतात. प्रत्येक जातीत हा आकडा जवळजवळ ठरलेला असतो. मग मोजतं कोण?

पहिला पुरावा अंड्यात सापडला. १६७०च्या दशकात इटलीतल्या मार्चेल्लो मालपीगी यांनी उबवणीतली अंडी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गर्भाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना त्यांना लहान लहान गोळ्यांच्या जोड्या दिसल्या. यांनाच आज सोमाइट किंवा कायखंड म्हणतात. यांतूनच पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू घडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट रेमाक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एक कायखंड म्हणजे एक मणका, असा सरळ हिशेब नाही. एका खंडाचा मागचा अर्धा आणि पुढच्याचा पुढचा अर्धा मिळून एक मणका होतो. त्यामुळे स्नायू दोन मणक्यांना सांधतो, आणि म्हणून आपल्याला वाकता येतं.

आपल्याकडेही कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास झाला. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातल्या लीला मुल्हेरकर यांचा कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याबरोबरचा निबंध १९५७ सालचा आहे. एक ऊती शेजारच्या ऊतीला घडवते, तेव्हा पदार्थ एकीकडून दुसरीकडे झिरपतात का, हा त्याचा विषय. कायखंडांची मोजणी त्यात नव्हती. पण शेजारच्या पेशी एकमेकींना काय सांगतात, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

मोजणीचं कोडं बेडकाने पुढे आणलं. १९७५ मध्ये जोनाथन कुक यांनी दाखवलं, की गर्भ मुद्दाम लहान केला तरी खंडांची संख्या तेवढीच राहते. खंड मात्र छोटे होतात. पुढच्याच वर्षी त्यांनी गणितज्ञ क्रिस्टोफर झीमन यांच्यासह एक कल्पना मांडली. पेशींमध्ये एक घड्याळ आहे, आणि गर्भात पुढून मागे सरकत जाणारी एक सीमा आहे.

हे समजायला आपला किनारा पुरे. उधाण ओसरून भांगाकडे जाताना भरती दर वेळी थोडी कमी चढते आणि वाळूवर कचऱ्याची एक रेघ सोडून जाते. दोन रेघांमधलं अंतर कशावर ठरतं? भरती किती वेळाने येते आणि तिची मजल दर वेळी किती कमी होते, या दोनच गोष्टींवर. गर्भातही तसंच. घड्याळाचा एक ठोका पडेपर्यंत सीमा जेवढी सरकते, तेवढा एक खंड.

ही कल्पना वीस वर्षं कागदावरच होती. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये ऑलिव्हिए पुर्के यांच्या प्रयोगशाळेत इझाबेल पाल्मेरीम यांनी कोंबडीचा गर्भ उभा दुभागला. एक अर्धा लगेच स्थिर केला, दुसरा थोडा वेळ वाढू दिला. दोन्हींत एकाच जनुकाचा नमुना वेगळा दिसला. ते जनुक चालू-बंद होत होतं, दर ९० मिनिटांनी एकदा. कोंबडीत एक खंड तयार व्हायलाही ९० मिनिटंच लागतात. घड्याळ सापडलं! झेब्राफिश माशात हा ठोका साधारण अर्ध्या तासाचा, उंदरात दोन तासांचा. २०२० मध्ये मानवी मूळपेशींत तो सुमारे पाच तासांचा आढळला. सापाचे तीनशेहून जास्त खंड होतात, कारण वाढीच्या मानाने त्याचं घड्याळ जलद चालतं.

आता याचा आपल्या घराशी संबंध. ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरली तर बाळात व्यंग येतं, असं अजूनही सांगतात. वाकड्या कण्याचं मूल जन्मलं की बोट आईकडे जातं. पण माणसाच्या गर्भात कायखंड गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते पस्तिसाव्या दिवसांत तयार होतात. म्हणजे पहिल्या सोनोग्राफीची तारीख येईपर्यंत हे काम बहुतेकदा उरकलेलं असतं. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाने ते कसं मोडणार? २००० साली मणके-बरगड्यांच्या एका जन्मजात विकाराचं मूळ याच यंत्रणेतल्या डीएलएल-३ या जनुकात सापडलं. तो विकार होण्यासाठी सदोष प्रत आई आणि वडील, दोघांकडून यावी लागते. आईचा मधुमेह आटोक्यात नसेल तरी मणक्यांच्या व्यंगाचा धोका वाढतो. तेव्हा साखर तपासायला सांगा, डॉक्टरांकडे वेळेवर न्या. भाजी चिरल्याबद्दल मात्र तिला बोल लावू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.