कृपेतून ढळणे
‘कृपा’ म्हणजे मनुष्याची पुण्याई न पाहता देवाने त्याला दिलेले तारक जीवन; ते जाणूनबुजून केलेल्या पापाने गमावता येते काय, यावर मराठी ख्रिस्ती परंपरेत दोन उत्तरे आहेत. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले ते प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या शिकवणुकीचा वारसा घेऊन, आणि त्या शिकवणुकीला अनुसरून डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) असे ठरवले होते की, देवाने निवडलेला मनुष्य घोर पापात पडला तरी कायमचा तुटत नाही. याला पापाची मोकळीक समजणे मात्र अन्यायाचे होईल, कारण त्याच सभेने अशा पतनाचे दुःखद परिणामही सांगितले आहेत. या कथेतील संवाद मात्र कोरगावच्या कॅथलिक घरात घडतो, म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेचा १५४७ चा निर्णय ध्यानात घ्यावा : प्रत्येक मरणकारी पापाने, म्हणजे गंभीर बाबतीत, पूर्ण जाणिवेने व पूर्ण संमतीने केलेल्या पापाने, कृपा जाते, श्रद्धा मात्र उरू शकते. इब्री लोकांस पत्रातील (१०:२६) जाणूनबुजून पाप करणाऱ्यांविषयीचा कठोर इशारा परतीची वाट बंद करतो असे प्राचीन काळी नोव्हेशियनपंथीयांसारख्या काहींनी मानले, पण चर्चने ते नाकारले. ही परतीची वाट म्हणजे पश्चात्ताप व पापनिवेदन, गोव्याच्या बोलीत ‘कुमसार’; पश्चात्तापाला जुन्या धर्मपित्यांनी गलबत फुटल्यावर हाती लागणारी दुसरी फळी म्हटले आहे. पापनिवेदनात आठवतील तेवढी सर्व मरणकारी पापे, प्रकार व संख्या यांसह, पाद्र्याला सांगावी लागतात. कथेतील आजी बोटांवर मोजते आहे ती हीच पापे.