मुक्काम, पोस्ट आणि आयपी : सातारा-सांगलीच्या पत्त्यांचा इतिहास

कोणत्याही पत्त्याला दोन कामे करावी लागतात : ज्याच्याकडे जायचे तो माणूस किंवा ते यंत्र नेमके कोणते हे सांगणे, आणि तेथवर पोहोचण्यासाठी आधी कोणत्या ठाण्यावर जायचे हे सांगणे. दोन्ही कामे एकाच ओळीत उरकली जात असल्यामुळे ती वेगळी आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. पत्र भरकटले किंवा कार्यालयातील सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवणारा मुख्य संगणक, अचानक कोणालाच सापडेनासा झाला, की मात्र बिघाड या दोहोंपैकी कोणत्या कामात आहे हे आधी शोधावे लागते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पत्त्यांची घडण गेल्या अडीचशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि आज तेथील पतसंस्था, कारखाने व महाविद्यालये यांच्या सर्व्हरवर पत्त्यांचे जे घोटाळे होतात, त्यांची जवळजवळ प्रत्येक जात या जुन्या इतिहासात आधीच दिसते.

पेशवाईत मिरज-सांगलीच्या पटवर्धन सरदारांचा पत्रव्यवहार जासुदांच्या, म्हणजे पत्रे पोहोचवणाऱ्या निरोप्यांच्या, हातून चाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत राहून 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने जी पत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील बरीचशी मोहिमेवरच्या छावण्यांतून लिहिलेली किंवा छावण्यांकडे धाडलेली आहेत. अशा पत्रात व्यक्ती ठरलेली असे, पण तिचा मुक्काम दर काही दिवसांनी बदले. त्यामुळे फौज सध्या कोठे आहे याची ताजी खबर जासुदाला वाटेत विचारतच पुढे जावे लागे. ठिकाणाची कायम नोंद कोठेही नसताना ही व्यवस्था टिकली, याचे श्रेय वाटा माहीत असलेल्या माणसांना द्यावे लागते. 1854 मध्ये इंग्रजी टपालखात्याने अंतर न मोजता केवळ वजनावर दर आकारण्याची पद्धत देशभर लागू केली, तेव्हा टपाल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले, आणि जासुदाच्या माहितीची जागा पाकिटावरच्या लेखी पत्त्याने घेतली.

या लेखी पत्त्याचा मराठी मुलखातला साचा म्हणजे ‘मु. पो., ता., जि.’. प्रत्येक गावात टपाल कार्यालय नसल्यामुळे राहण्याचे गाव आणि पत्र उतरवून घेणारे गाव ही दोन वेगळी असू शकत, आणि म्हणून ‘मु.’ पुढे एक नाव व ‘पो.’ पुढे दुसरे नाव लिहिण्याची रीत पडली. बाहेरच्या जगाला पोस्टाचे गाव कळले की पुरे. तेथून वाडीवस्तीपर्यंत पोहोचवणे हे त्या कार्यालयातील पोस्टमनचे काम. एकाच नावाच्या गावांचा प्रश्न या साच्यात तालुक्याने आणि गावाच्या जोडनावाने सोडवला. एकट्या सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान आहेत, आणि वाई तालुक्यात आणखी एक कवठे आहे. जोडनाव आणि तालुका दोन्ही गाळून नुसते ‘कवठे’ लिहिलेले पत्र यांपैकी कोणत्याही गावी जाऊ शकते. पाकिटावर ते पाठवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या कार्यालयांचे तारखेसह शिक्के बसत असल्यामुळे उशिराने आलेले पत्र वाटेत कोठे कोठे गेले याचा माग काढता येई. चूक शोधण्याची ही पद्धत साधी होती, पण अचूक होती.

या व्यवस्थेला मोठा हादरा बसला तो जिल्ह्यांच्या फेररचनेने. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 मध्ये जुना सातारा जिल्हा दुभंगून उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख दक्षिण साताऱ्यात आला, आणि त्याच्या जोडीला वाळवा, शिराळा, खानापूर, तासगाव हा जुन्या साताऱ्याचा भाग गेला. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. गाव जागचे हलले नव्हते, घरे तीच होती, तरीही अकरा वर्षांत अनेक गावांच्या पत्त्यातला ‘जि.’ दोनदा बदलला.

15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी; मूळचे कोकणातल्या वेळणेश्वरचे. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, आणि पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो. उरलेले तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे कार्यालय दाखवतात. येथे ‘वर्गवारीचा जिल्हा’ हा महसुली जिल्हा नव्हे, हे फार महत्त्वाचे आहे. सातारा 415001, कराड 415110, सांगली 416416, मिरज 416410 येथवर सरळ वाटते. पण सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर 415409, शिराळा 415408 आणि विटा 415311 आहे, तर सातारा जिल्ह्यातील वाई 412803 आणि महाबळेश्वर 412806 असून 412 हा अनुक्रम पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा आहे. उलट घाट उतरून कोकणात असलेल्या चिपळूणला 415605 मिळाला. वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके जुन्या साताऱ्यातले म्हणून 415 मध्ये राहिले असे म्हणावे, तर त्यांच्याच जोडीचे तासगाव 416312 झाले. थोडक्यात, कचेरीच्या नकाशावर ओढलेली हद्द एक आणि टपालाच्या थैल्या ज्या वाटेने जातात ती हद्द दुसरी. ‘सांगली जिल्हा म्हणजे 416’ असे गृहीत धरणाऱ्याचे पत्र इस्लामपूरच्या वाटेवर चुकते, ते या दोन हद्दींची गल्लत केल्यामुळे.

संगणकांच्या जाळ्यात पत्त्याची रचना याच धर्तीवर झाली. सप्टेंबर 1981 मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राला बत्तीस द्विमान अंकांचा, म्हणजे ठिपक्यांनी तोडलेल्या चार संख्यांचा पत्ता मिळतो, आणि असे पत्ते एकूण सुमारे 429 कोटी होतात. त्याचा पुढचा भाग जाळे दाखवतो आणि मागचा भाग त्या जाळ्यातले यंत्र. मात्र पुढचा भाग कोठे संपतो हे पत्त्यावरून कळत नाही; त्यासाठी ‘सबनेट मास्क’ नावाची वेगळी संख्या द्यावी लागते. मास्क 255.255.255.0 असला तर पहिल्या तीन संख्या जाळ्याच्या, 255.255.0.0 असला तर पहिल्या दोनच. जाळ्याबाहेरचा मजकूर ज्या यंत्राकडे सोपवायचा त्याला ‘गेटवे’ म्हणतात, आणि ‘मु.’ व ‘पो.’ यांत जो संबंध, तोच सर्व्हर आणि गेटवे यांत आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. तीनच वर्षांनी, 1998 मध्ये, वारणा नदीच्या दोन्ही तीरांवरची कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प वारणानगरच्या सहकारी संस्था आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी हाती घेतला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या साखर कारखान्याच्या सभासदाला ऊसनोंद, तोडणी परवाना, वजन आणि बिल यांची माहिती आपल्या गावातच मिळावी, हा त्यातला सर्वांत उपयोगी हेतू होता, आणि त्या काळाचा विचार करता तो धाडसाचा होता. गावातला संगणक मोडेमद्वारे दूरध्वनीच्या तारेवरून मध्यवर्ती यंत्रणेशी जोडला जाई. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत आठ महिने हेच काम संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर चालवून पाहिले. वीज आणि तार यांवर विसंबलेल्या संगणकाच्या जागी शेतकऱ्याच्या हातातला फोन आला. पत्त्यांच्या इतिहासात हा प्रयोग लक्षणीय आहे, कारण त्यात शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक हाच पत्ता झाला आणि तो फोन कोठे आहे हे शोधण्याचा भार पूर्णपणे दूरध्वनी कंपनीने उचलला. पटवर्धनांच्या छावणीमागे फिरणाऱ्या जासुदाचे काम नव्या साधनाने होऊ लागले.

दरम्यान पत्ते अपुरे पडणार हे जगाला कळून चुकले होते, आणि फेब्रुवारी 1996 मध्ये 192.168 ने आरंभ होणारे व आणखी दोन गटांतले पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. हे पत्ते संस्थेच्या आवारापुरतेच चालतात. विट्यातली पतसंस्था आणि फलटणमधले महाविद्यालय यांच्या सर्व्हरला एकच पत्ता असू शकतो, आणि मजकूर बाहेर पडताना राउटर, म्हणजे बहुधा गेटवेचे काम करणारे यंत्र, त्याच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो. गल्लत होते ती या संस्था किंवा त्यांच्या शाखा एकमेकींना जोडल्या जातात तेव्हा.

समजा, सांगलीच्या मुख्य कार्यालयातला सर्व्हर 192.168.10.5 वर आहे आणि विट्याच्या शाखेतले संगणक 192.168.20 च्या गटात आहेत. सर्व्हरवर मास्क 255.255.255.0 ऐवजी 255.255.0.0 टाकला गेला, तर मुख्य कार्यालयातले सगळे व्यवहार सुरळीत चालतात. विट्याहून आलेली विचारणाही सर्व्हरपर्यंत पोहोचते. पण विट्याचा संगणक आपल्याच खोलीत आहे असे समजून सर्व्हर त्याला जागच्या जागी हाक मारतो, उत्तर गेटवेकडे सोपवतच नाही, आणि शाखेतल्या कर्मचाऱ्याला ‘सर्व्हर डाऊन’ दिसते. दोष तारेत नसतो, विट्यातही नसतो. हद्द चुकीची आखलेली असते. 416 आणि इस्लामपूर यांच्याबाबतीत जी चूक पाकिटावर होते, तीच येथे एका संख्येत होते.

नुसते ‘कवठे’ लिहिण्याचा प्रकारही सर्व्हरवर घडतो. लहान कार्यालयात राउटर प्रत्येक नव्या यंत्राला आपोआप पत्ता वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. सर्व्हरला 192.168.1.50 हा पत्ता हाताने कायमचा दिला, पण राउटरच्या वाटपातून तो वगळला नाही, तर एखाद्या दिवशी तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो, आणि सकाळी चालणारा सर्व्हर माणसे कामावर आल्यावर अधूनमधून दिसेनासा होतो. त्या पत्त्यामागचा मॅक क्रमांक, म्हणजे यंत्राच्या जोडणीपट्टीवरची कायमची ओळख, बदलत असल्याचे दिसले की निदान पक्के होते. याउलट यंत्रावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वाटप करणारे कोणी सापडले नाही म्हणून त्याने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे.

तपासाचा क्रमही टपालाच्या माग काढण्यासारखाच जवळून दूर जातो. 1983 मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम दिलेल्या पत्त्याकडून उत्तर येते का एवढेच पाहतो. त्याने आधी यंत्राचा स्वतःचा पत्ता, मग शेजारचे यंत्र, मग गेटवे, मग बाहेरचा एखादा पत्ता आकड्यांनी, आणि शेवटी तोच नावाने विचारावा. आकड्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, तर बिघाड नावांचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत आहे. सर्व्हरचा पत्ता बदलल्यानंतर काही संगणक जुन्याच ठिकाणी जात राहतात, त्याचे कारण त्यांच्याकडे साठलेली जुनी नोंद; ती पुसावी लागते, सर्व्हरला हात लावण्याची गरज नसते.

फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक साठ्यातले चौथ्या आवृत्तीचे शेवटचे गट वाटून संपले. सहाव्या आवृत्तीत पत्ता 128 द्विमान अंकांचा असून आज अनेक सर्व्हरवर दोन्ही आवृत्त्यांचे पत्ते एकत्र नांदतात. अशा ठिकाणी विचारणारा संगणक बहुधा सहाव्या आवृत्तीचा पत्ता आधी वापरून पाहतो. सेवा फक्त चौथ्या आवृत्तीवर सुरू असेल, तर पिंगला उत्तर येत असूनही काम उशिराने होते किंवा होतच नाही. म्हणून सर्व्हर कोणत्या दोन पत्त्यांवर ओळखला जातो आणि त्यावरील सेवा कोणत्या पत्त्यावर प्रत्यक्ष ऐकत आहे, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासून कार्यालयाच्या नोंदवहीत, मास्क व गेटवेसह, लिहून ठेवाव्या लागतात.