मोलिएर : विनोद आणि विवेक

सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार मोलिएर (१६२२–१६७३) हा युरोपीय सुखात्मिकेचा प्रमुख शिल्पकार मानला जातो. त्याचे मूळ नाव झां-बाप्तिस्त पोक्लँ. पॅरिसमधील त्याच्या वडिलांकडे राजाच्या गाद्या, पडदे व आसने यांच्या व्यवस्थेचे मानाचे पद होते. तो वारसा सोडून त्याने १६४३ मध्ये मादलेन बेजार या अभिनेत्रीसह नाटकमंडळी काढली. मंडळी कर्जात बुडाली आणि १६४५ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. त्यानंतर सुमारे तेरा वर्षे तो प्रांतोप्रांती प्रयोग करीत हिंडला. १६५८ मध्ये चौदाव्या लुईसमोर प्रयोग करण्याची संधी मिळाली आणि पॅरिसमध्ये त्याचे बस्तान बसले.

मोलिएरच्या विनोदाचे लक्ष्य अज्ञान नसून आत्मवंचना आहे. त्याची पात्रे मूर्ख नसतात. एकाच ध्यासापायी त्यांना समोरचे दिसेनासे होते. ‘लाव्हार’ (१६६८) मधील कंजूष आर्पागाँ हुंड्याविना जावई मिळतो एवढ्यासाठी मुलीला वयस्क माणसाच्या गळ्यात बांधू पाहतो. ‘ल बुर्झ्वा जाँतियॉम’ (१६७०) मधील श्रीमंत झुर्दँ उमराव होण्यासाठी शिक्षक नेमतो आणि आपण जन्मभर गद्यच बोलत आलो, या शोधाने हरखून जातो. या माणसांच्या छंदाची किंमत मात्र घरातील इतरांना मोजावी लागते. म्हणूनच शहाणपणाचे बोल तेथे बहुधा मोलकरणींच्या तोंडी येतात.

सद्गुणही या कसोटीतून सुटत नाही. ‘ल मिझांत्रोप’ (१६६६) चा नायक आल्सेस्त सत्यवचनी आहे; परंतु त्याच्या सत्यनिष्ठेत अहंकार किती, हा प्रश्न नाटककार प्रेक्षकांवरच सोपवतो.

या विनोदाची खरी परीक्षा ‘तार्त्युफ’ने घेतली. धर्मनिष्ठेचे सोंग आणणारा तार्त्युफ ऑर्गाँ या गृहस्थाच्या घरात ठाण मांडतो. पत्नीच्या आजाराची वार्ता ऐकतानाही ऑर्गाँ विचारतो ते तार्त्युफबद्दल. तो यथेच्छ जेवून गाढ झोपल्याचे कळताच त्याचीच कीव करतो. अखेर पत्नी त्याला टेबलाखाली लपवते, तेव्हा कुठे त्याला ढोंग्याचे खरे रूप कळते. १६६४ मध्ये व्हर्सायला प्रयोग होताच धर्मपक्षीयांच्या रोषामुळे नाटकावर बंदी आली. १६६७ चा सुधारित प्रयोगही थांबवला गेला. पॅरिसच्या आर्चबिशपांनी तर ते पाहणाऱ्यांना धर्मबहिष्काराची धमकी दिली. नाटक खुलेपणाने रंगमंचावर यायला १६६९ साल उजाडले. आपला रोख धर्मावर नसून दंभावर आहे, ही मोलिएरची भूमिका होती. मात्र खरी निष्ठा आणि तिचे सोंग यांतील भेद लोकांना हसता हसता कळू लागला, हीच विरोधकांची अडचण होती.

मराठी रंगभूमीलाही मोलिएर परका नाही. हरि नारायण आपटे यांचे ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ आणि आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ ही त्याच्याच नाटकांची रूपांतरे होत.

‘ल मालाद इमाजिनेर’ (१६७३) हे त्याचे अखेरचे नाटक. काल्पनिक आजारांनी पछाडलेल्या आर्गाँची भूमिका तो स्वतः करीत असे. प्रत्यक्षात तो दीर्घकाळ छातीच्या विकाराने खंगत होता. १७ फेब्रुवारी रोजी चौथ्या प्रयोगात त्याला रंगमंचावरच झटका आला. तरीही त्याने प्रयोग पुरा केला आणि काही तासांतच त्याचे निधन झाले. नटाचा व्यवसाय न त्यागता मरण पावलेल्यास चर्च धार्मिक दफन नाकारीत असे. राजाच्या मध्यस्थीने ते रात्रीच्या वेळी उरकण्यात आले. १६८० मध्ये स्थापन झालेल्या ‘कोमेदी फ्रांसेझ’ला आज ‘मोलिएरचे घर’ म्हणतात. त्या अखेरच्या भूमिकेत तो ज्या खुर्चीत बसला असे मानले जाते, ती तेथे आजही जपून ठेवली आहे.