स्वातंत्र्यदेवता आणि मताचा हक्क

भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दाखवायला हमखास नेतो. फ्रेंच जनतेने दिलेल्या या पुतळ्याचे २८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झाले, तेव्हा बेटावर अगदी मोजक्या स्त्रियांना प्रवेश होता. मताधिकार मागणाऱ्या महिलांनी मग बोट भाड्याने घेऊन पाण्यातूनच निषेध केला. स्वातंत्र्याची मूर्ती स्त्रीची, पण स्त्रीला मत नाही! अमेरिकेत हा हक्क देशभर मिळायला १९२० साल उजाडले. फ्रेंच प्रजासत्ताकाचे प्रतीकही ‘मारियान’ ही स्त्रीच. तिथे तर १९४४ पर्यंत थांबावे लागले. भारतमातेच्या लेकींनी मात्र १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषांच्या बरोबरीने मतदान केले. पुढच्या खेपेला बोटीत बसल्यावर मुलामुलींना ही गोष्ट जरूर सांगा.