गूळ, रूळ आणि पेटी

करवीर संस्थानांत आगगाडी आली ती १८९१ सालीं. राज्याधिकार अद्याप हातीं न आलेल्या शाहू महाराजांच्या हस्तें १८८८ त आरंभिलेलें मिरज-कोल्हापूर रस्त्याचें काम तीन वर्षांत पुरें झालें. पुढें १८९५ त महाराजांनीं शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि पंचगंगेच्या कांठचा गूळ तेथून दूरदूर जाऊं लागला. कोल्हापूरच्या भरभराटीचा हा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. त्यांतील एक अडचण मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. आणि आजच्या संगणकविद्येंतील एक मोठी सोय समजून घ्यावयाची तर त्या अडचणीपासूनच आरंभ करणें बरें.

मिरज-कोल्हापूर रस्ता मीटरमापी, म्हणजे दोन रुळांमध्यें एक मीटर अंतर असलेला, होता. मिरजेहून पुण्यापर्यंतचा मार्गही तसाच. पुण्याहून मुंबईकडे जाणारा रस्ता मात्र साडेपांच फुटी. तेव्हां कोल्हापूरचा डबा पुण्यापुढें जाऊं शकत नसे. मुंबईकडचा माल पुण्यास उतरावयाचा, हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यांत चढवावयाचा आणि मगच पुढें न्यावयाचा. वेळ मोडे, मजुरी पडे. आणि गूळ हा तर असा नाजूक माल कीं, रवा फुटला कीं भाव उतरला आणि ओल लागली कीं पाझर सुटला. माल तोच, धनी तोच, गिऱ्हाईकही तेंच; अंतर पडलें तें केवळ रुळांत!

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे सॉफ्टवेअरची, कित्येक वर्षें हीच गत होती. कोणतीही आज्ञावली एकटी चालत नाहीं. तिला दुसऱ्यांनीं लिहिलेल्या अनेक साहाय्यक आज्ञावली लागतात, त्यांच्याही विशिष्ट आवृत्त्या लागतात. लिहिणाराच्या यंत्रावर हें सारें जुळलेलें असतें; गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर एखादी आवृत्ति निराळी निघाली कीं काम अडलें. मग लिहिणारा म्हणतो, ‘माझ्या यंत्रावर तर चालत होतें’. चालविणारा म्हणतो, ‘येथें चालत नाहीं’. आणि दोघेही खरेंच बोलत असतात. हा पुण्याचाच फलाट होय.

अशा अडचणीवर उपाय दोन. एक, सगळीकडचे रूळ सारखे करणें. कोल्हापूरच्या रस्त्यास हा उपाय लाभला, पण त्याचा मुहूर्त १९७१ च्या सुमारास लागला. म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षें गेलीं. दुसरा उपाय, रुळांचा नाद सोडून मालच अशा पेटींत बंद करणें कीं, वाहन बदललें तरी ती उघडावी लागूं नये. एप्रिल १९५६ मध्यें माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालमोटारवाल्यानें ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. पेटी ही कांहीं नवी वस्तु नव्हे. नवें होतें तें पुढें झालेलें एकमत: रुंदी आठ फूट, लांबी वीस किंवा चाळीस फूट, कोपरे एकाच घाटाचे. त्यामुळें बंदरावरील यारीस आंत गूळ आहे कीं यंत्रें आहेत हें जाणण्याचें कारण उरलें नाहीं. १९८९ त सुरू झालेलें आपलें न्हावा-शेवा बंदर याच कल्पनेवर वाढलें.

सॉफ्टवेअरवाल्यांनीं याच पेटीचें ‘कंटेनर’ हें नांव उचललें. तिची घडण मात्र हळूहळू झाली. १९७९ च्या युनिक्समध्यें, एखाद्या आज्ञावलीस भांडाराचा एकच कोपरा ‘हेंच तुझें सारें जग’ म्हणून दाखविण्याची युक्ति आली. २००० सालीं फ्री-बीएसडी प्रणालीनें त्या कोपऱ्यास पक्क्या भिंती घातल्या आणि त्यास ‘जेल’ असें सार्थ नांव दिलें. कोणी किती साधनसामुग्री वापरावी याचें वाटप करणारी गूगलच्या अभियंत्यांची व्यवस्था २००८ त लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झाली. सामान जमलें, परंतु तें जुळविणें सामान्य कारागिराच्या आवांक्यांतलें नव्हतें. मार्च २०१३ त सॉलोमन हाइक्स यांनीं एका छोट्या भाषणांत ‘डॉकर’ लोकांपुढें मांडला, आणि पेटी भरणें कोणासही साधूं लागलें. २०१४ त हजारों पेट्यांची देखरेख करणारी ‘कुबरनेटिस’ ही व्यवस्था गूगलनें खुली केली. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. २०१५ त पेटीच्या आकाराविषयीं सर्वांचें एकमत घडविण्यासाठीं मंडळही स्थापन झालें.

या पेटीचे लाभ आतां सहज ध्यानांत येतील. आज्ञावली आपला सारा शिधा बरोबर घेऊन निघते. म्हणून कोल्हापुरांत जी जशी चालली, ती मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या सर्व्हरवर तशीच चालते. तत्पूर्वीं हें साधावयाचें तर संपूर्ण आभासी संगणकच उभारीत. म्हणजे एका रव्यासाठीं स्वतंत्र आगगाडी! पेट्या एकाच गाभ्यावर चालतात, म्हणून एका यंत्रांत पुष्कळ मावतात आणि क्षणार्धांत सुरू होतात. नवी पेटी बिघडली तर जुनी जशीच्या तशी पुन्हां लावतां येते.

परंतु गाभा एकच असणें हें बळ तसें वैगुण्यही आहे. त्यास छिद्र पडलें तर शेजारच्या पेट्यांसही धोका. आणि लिनक्सच्या पेटीस लिनक्सचाच गाभा लागतो, म्हणजे रूळ अगदींच सुटले असें नाहीं. पेटी नासक्या गुळाचा चांगला गूळ करीत नाहीं, हें तर सांगावयासच नको. शिवाय जगांतील बंदरांवर पेटी आली तेव्हां हजारों हमालांची भाकरी गेली. सोयीचा जमाखर्च मांडतांना तीही बाजू लिहिली पाहिजे.

तरीही लहान गांवांच्या दृष्टीनें या पेटीचें मोल मोठें आहे. माल हलविण्यासाठीं वाटेंत थांबावें लागतें, तेथें थांबण्याचा खर्च मोठा व्यापारी सोसतो; लहान व्यापारी मात्र त्यांतच बुडतो. उद्यमनगरांतील एखाद्या खोलींत बसून चार तरुणांनीं लिहिलेली आज्ञावली आज, मागें कोणी न जातां, जगांत कोठेंही चालूं शकते. ही किमया पेटीच्या फळ्यांची नव्हे. तिच्या आकाराविषयीं परस्परांच्या प्रतिस्पर्ध्यांनीं एकमत केलें, त्याची आहे. शंभर वर्षांपूर्वीं दोन रेल्वे कंपन्यांस तेवढें एकमत साधतें, तर पुण्याच्या फलाटावर कोल्हापूरचा एकही रवा फुटता ना.