दोन जर्मन आणि परका मजूर

परक्या मुलुखांत पोटासाठीं गेलेल्या मनुष्याला तेथील भाषा शिकण्याची आस्था किती, हें मोजतां येईल काय? मनोवृत्तीचें मापन शक्य आहे, असें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनीं १९२८ सालीं प्रतिपादिलें. १९३२ सालीं लिकर्ट यांनीं त्याची सोपी रीत दिली. एकेक विधान पुढें ठेवावयाचें आणि पूर्ण संमतीपासून पूर्ण विरोधापर्यंतच्या पांच पायऱ्यांपैकीं एक निवडावयास सांगावयाचें.

परंतु एकाच समाजांत एका भाषेचीं दोन रूपें आपापलीं क्षेत्रें वांटून नांदत असलीं, म्हणजे ही रीत अडखळते. या स्थितीस चार्ल्स फर्ग्युसन यांनीं १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध लेखांत ‘डायग्लॉसिया’ म्हटलें. त्यांच्या चार उदाहरणांपैकीं एक स्वित्झर्लंडच्या जर्मन भागाचें होतें. तेथें लेखन आणि शालेय शिक्षण प्रमाण जर्मनमध्यें चालतें. घर, बाजार आणि मैत्री बोलींत. या बोलीला गांवढळपणाचा डाग नाहीं. प्राध्यापक आणि हमाल दोघेही घरीं तीच बोलतात.

१९४८ च्या करारानंतर या देशांत इटालियन मजूर मोठ्या संख्येनें आले. त्यांच्यापैकीं एखाद्याला ‘जर्मन शिकावयाची इच्छा आहे काय?’ असें विचारलें, तर त्यानें कोणतें जर्मन समजावें? अर्ज लिहिण्यासाठीं एक लागतें, शेजाऱ्याच्या हास्यविनोदांत मिसळण्यासाठीं दुसरें. गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनीं १९७२ च्या ग्रंथांत व्यावहारिक लाभाची प्रेरणा आणि समाजांत एकरूप होण्याची प्रेरणा असा भेद केला. येथें त्या दोन प्रेरणा दोन निरनिराळ्या रूपांकडे ओढूं शकतात. प्रश्नपत्रिकेंत मात्र दोहोंची नोंद एकाच आंकड्यांत होते.

शिवाय, परका मनुष्य दिसतांच स्विस नागरिक पुष्कळदां प्रमाण जर्मनकडे वळतो. हेतु सौजन्याचा असतो. परंतु बोली कानीं पडण्याची संधि त्यामुळेंच हुकते. मग नवागताच्या अनास्थेंत यजमानाचा वांटा किती, हें कोण मोजणार?

प्रश्न केवळ शास्त्राचा नाहीं. बालवाडींत मुख्यतः बोलीच वापरावी, असा कौल झ्यूरिकच्या मतदारांनीं २०११ सालीं दिला. २०१८ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें नागरिकत्वासाठीं राष्ट्रभाषेच्या लेखी ज्ञानाचीही अट घातली. म्हणजे मुलाला बालवाडींत बोली आणि बापाला परीक्षेंत लेखी जर्मन! अशा बापास ‘भाषेविषयीं उदासीन’ ठरविण्यापूर्वीं प्रत्येक रूपाविषयीं त्यास स्वतंत्रपणें विचारावयास हवें. आणि त्याच्याशीं त्या रूपांत कोण बोलतें, हेंही.