दिया (वाचनसोबती)
गूगलच्या ‘रीड अलाँग’ या वाचन-ॲपमधील कार्टून पात्र. मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आलेले हे ॲप २०२० मध्ये नव्या नावाने अनेक देशांत खुले झाले. तेव्हाच्या ९ भाषांत मराठीही होती. मूल मोठ्याने वाचते, दिया कान देऊन ऐकते, अडखळलेला शब्द म्हणून दाखवते. नीट वाचले की तारे मिळतात. कार्टून मालिकेतल्या छोटा भीमला राहायला निदान ढोलकपूर आहे. दियाला तसे गावही नाही. पडद्याचा कोपरा हाच तिचा पत्ता, आणि कल्पनेच्या दृष्टीने ही जरा कंजुषीच. ॲपमधल्या गोष्टी एकदा फोनवर उतरवून घेतल्या की इंटरनेट लागत नाही. परभणी जिल्ह्यात जिंतूर-गंगाखेडकडे, रेंज जाते-येते अशा वस्तीवर, ही सोय मोठी. आवाजही फोनवरच तपासला जातो.